भंगारातून माउंटन बाईक

माउंटन बाईक म्हटलं की शोरूममधली चकचकीत गाडी आणि तिच्यावर लटकणारी किंमत डोळ्यांसमोर येते, आणि हॉस्टेलवाला तिथूनच परत फिरतो. पण मित्रांनो, ही गाडी जन्मालाच आली ती भंगारातून! कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरांनी महायुद्धापूर्वीच्या, जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली मिळतील तशा उचलल्या, मडगार्ड उतरवले आणि डोंगरावरून खाली सोडल्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारातच तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब खोलून पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराला नावच पडलं 'रिपॅक'. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. गॅरी फिशरने अशाच गाडीला गिअर बसवले आणि १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी खास फ्रेम बनवली.

तेव्हा जुनी फ्रेम, सुटे पार्ट, स्वतःची जोडणी यात कमीपणा काही नाही. मात्र असं काम अडतं ते पैशापेक्षा मापावर. स्वस्तात मिळालेला पण न बसणारा पार्ट सगळ्यात महाग पडतो. म्हणून जुन्या बाजारात जाताना पाकिटाबरोबर व्हर्नियर आणि टेपही न्या.

सगळ्यात मोठी फसगत होते '२६ इंच' या शब्दात. २६ × १ ३/८ आणि २६ × २.० हे दोन्ही टायर २६ इंचीच म्हणवतात, पण पहिल्याच्या रिमचा बसण्याचा व्यास ५९० मि.मी. आणि दुसऱ्याचा ५५९. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणं शक्यच नाही. इंच विसरा, टायरच्या बाजूवर '५०-५५९' असा आकडा असतो तो वाचा: आधी रुंदी, मग व्यास. माउंटन बाईकला ५५९ हवा (नव्या गाड्यांत ५८४ किंवा ६२२ असतो).

फ्रेम घेताना लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील. स्टीलला बारीक तडा असेल तर चांगला वेल्डर सांधून देईल. ॲल्युमिनियमला तडा असेल तर फुकटही घेऊ नका, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूचं हीट ट्रीटमेंट जातं आणि तो मऊ पडतो. फ्रेम वाकडी आहे का, हे दोऱ्याने कळतं. मागच्या एका ड्रॉपआउटपासून दोरा निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला बांधा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरलं पाहिजे. मागच्या दोन ड्रॉपआउटमध्ये १३५ मि.मी. आहे ना, बॉटम ब्रॅकेटची नळी ६८ ची की ७३ ची, आणि व्ही-ब्रेक लावायचे खुंट आहेत ना, हे तिथेच उभं राहून बघायचं. आणि हो, बॉटम ब्रॅकेटच्या चेनकडच्या कपाला बहुधा उलटे आटे असतात, डाव्या पेडललाही. इथे जोर लावून आटे घालवणारे मेकॅनिकलवालेच जास्त!

आता गिअर. साध्या उंच सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५.४५ मीटर जाते. ५५९ च्या चाकावर पुढे २४, मागे २८ दाते घेतले तर १.७७ मीटर. माणूस धरून गाडीचं वजन ८० किलो आणि चढ १० टक्के धरा. मागे ओढणारं बल सुमारे ७८ न्यूटन. १७० मि.मी. च्या क्रँकवर एका फेऱ्यात पाय १.०७ मीटर फिरतो. म्हणजे साध्या सायकलवर पायाला पूर्ण फेराभर सरासरी ४० किलोचा जोर लागेल आणि दुसरीवर १३ किलोचा. घर्षण यात धरलेलंच नाही. सिंहगडाचा घाट कोण उतरून ढकलतो आणि कोण बसून चढतो, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. तेव्हा २१ गिअर की २४ यावर भांडू नका, सगळ्यात लहान गिअर किती लहान आहे ते विचारा. सहा, सात, आठ गिअरची चेन एकच चालते, आणि क्लिक न करणारा साधा फ्रिक्शन शिफ्टर कुठल्याही डिरेलरबरोबर चालतो. जुळवाजुळवीच्या गाडीला त्याच्यासारखा मित्र नाही.

सस्पेन्शनचा मोह मात्र टाळा. स्वस्त गाडीतलं मागचं स्प्रिंग म्हणजे नुसतं वजन. चढावर पायातला जोर तेच खातं. साधा स्टीलचा फोर्क आणि हवा थोडी कमी ठेवलेला जाड टायर, एवढं आपल्या टेकड्यांना पुरतं. वाचलेला पैसा चाकांवर आणि ब्रेकवर घाला. व्ही-ब्रेक घेतले तर लिव्हरही त्यांचेच घ्या. जुन्या कॅन्टिलिव्हर ब्रेकचे लिव्हर केबल कमी ओढतात, त्यामुळे लिव्हर हँडलला टेकतो तरी गाडी थांबत नाही. चाकाचा आऊट मात्र पहिल्यांदा दुकानातच काढून घ्या, आणि तो काढत असताना शेजारी बसून बघा.

चेन जुनी वापरणार असाल तर पट्टी लावा. २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. १/१६ इंच जास्त भरली तर चेन बदला, १/८ भरली तर फ्रीव्हीलही गेलं असं समजून दोन्ही एकदमच आणा.