घास अडकतो, गळा आवळतो : अंगावर काढू नका



या पानावर आम्ही बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहीत असतो. या वेळी विषय निराळा आहे. पण पिकवणाराच धड नसेल तर टनेज वाढवून उपयोग काय?

लागणीच्या नोंदी घेताना आम्हांला पुष्कळदा ऐकायला मिळते, "साहेब, मान-घसा आवळल्यागत वाटतंय. भाकरीचा घास पाण्याबरोबर ढकलावा लागतोय." कित्येक महिने हे चाललेले असते. उपाय काय, तर मिठाच्या गुळण्या, नाहीतर "पित्त असंल" म्हणून एखादी गोळी.

कारणे अनेक

पित्त घशाशी येणे, मनाची काळजी, थायरॉईडची गाठ यांनीही गळा आवळल्यासारखा वाटतो. कोयता किंवा उसाचे खुंट लागून जखम झाली आणि काही दिवसांत जबडा आखडला, गिळवेना, तर तो धनुर्वात असू शकतो. तेव्हा एक तासही न दवडता दवाखाना गाठावा. पण आपल्या भागात आधी विचारायचा प्रश्न एकच : मावा खाता का?

सुपारी काय करते?

माव्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो," असे सांगणारेही आहेत. पण सुपारी निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कॅन्सरकारक ठरविले आहे. सुपारीतील द्रव्यांमुळे तोंडाच्या आतील मऊ कातडीखाली तंतू साचतात. कातडी पांढुरकी व कडक होते. आधी तिखट झोंबते, मग तोंड उघडेनासे होते, आणि हा ताठरपणा घशापर्यंत गेला की घास उतरत नाही. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. एकदा आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही, आणि त्यातून काहींना पुढे कॅन्सर होतो. घरातील बायकांची मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्याच तालुक्याचे दुःख

तासगाव-कवठे महांकाळचे आमदार, राज्याचे माजी उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने गेले. वय अवघे ५७. त्यांना तंबाखूची सवय होती. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. उपचारानंतर त्यांचे काम चालू राहिले आणि या सवयीबद्दल जाहीर सभांतून त्यांनी लोकांना सावध केले. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण कायद्याने टपरीवर धाड पडेल, आपला हात खिशातल्या पुडीकडे जातो तो आपणच आवरायचा.

घरच्या घरी तपासणी

१. हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. जात नसतील तर तोंड आखडले आहे.
२. उजेडात आरशात पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसते का?
३. मानेला गाठ, आवाजात घोगरेपणा, कानात कळ, वजनात घट आहे का?
४. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणीसुद्धा, असे होत चालले आहे का?

यांतले काहीही दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवावे. खर्चाच्या भीतीने थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड व आधार कार्ड बरोबर न्यावे.

उसात काणीचा चाबूक दिसला की आपण तो पिशवीत झाकून कापतो आणि सबंध बेट उपटून टाकतो. "बघू पुढच्या पाळीला" म्हणणाऱ्याचा फड हातचा जातो. शरीराचेही तसेच आहे. सवय सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत फोनवर सल्ला मिळतो. सोडण्याची सुरुवात घरातल्या कर्त्या माणसाने केली, तर पोरेही पुडीला हात लावायला कचरतील.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट ठेवण्याविषयी पाहू.

— ऊस विकास अधिकारी