आकाशगंगेचा मध्यभाग

आपलें घर कसें आहे हें अंगणांत उभें राहून सहज पाहतां येतें. पण ज्यास माजघराबाहेर पाऊलच टाकतां येत नाहीं, त्यानें घराचा आकार कसा जाणावा? आकाशगंगेविषयीं मनुष्याची स्थिति अशीच आहे. आपला सूर्य तिच्या आंतच, मध्यापासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षें अंतरावर आहे. तरीहि त्या मध्याभोंवतीं कोणते तारे आहेत व त्यांची रचना कशी आहे, हें आज पुष्कळ अंशीं कळलें आहे. तें कसें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आकाशगंगा तबकडीसारखी सपाट आहे. केवळ मध्याशीं ती जाड आहे. त्या जाड भागास फुगवटा म्हणतात. १९१८ सालीं हार्लो शेपली या अमेरिकन ज्योतिर्विदानें गोलाकार तारकागुच्छांच्या मांडणीवरून हा मध्य धनु राशीच्या दिशेस असल्याचें दाखविलें. परंतु वाटेंत धुळीचे दाट मेघ आहेत. प्रत्यक्ष मध्यबिंदूपासून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लक्ष कोटि कणांपैकीं जेमतेम एखादाच आपणांपर्यंत पोहोंचतो.

वॉल्टर बाडे हा जर्मन ज्योतिर्विद कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन वेधशाळेंत काम करीत असे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें त्याची गणना शत्रुराष्ट्राच्या नागरिकांत केली. सहकारी युद्धकार्यास गेले. तो दुर्बिणीपाशींच राहिला. युद्धामुळें लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंद केलेले होते. त्या काळोखाचा लाभ घेऊन त्यानें १०० इंची दुर्बिणीनें देवयानी या शेजारच्या दीर्घिकेच्या मध्यांतील तारे प्रथमच वेगवेगळे ओळखिले, आणि १९४४ सालीं ताऱ्यांचे दोन वर्ग सांगितले : बाहेरील भुजांतले तरुण निळे, व मध्याकडील वृद्ध तांबडे.

मग त्यानें आपल्याच आकाशगंगेकडे दृष्टि वळविली. धनु राशींत मध्याजवळच धूळ विरळ असलेली एक लहानशी जागा त्यानें निवडली व १९४६ सालीं तेथील शोध प्रसिद्ध केला. तेथें त्यास पुष्कळ रूपविकारी तारे सांपडले. दिव्याचें खरें तेज ठाऊक असल्यास तो किती मंद दिसतो यावरून त्याचें अंतर काढतां येतें. त्याच रीतीनें त्यानें या ताऱ्यांवरून मध्याचें अंतर काढलें. त्या जागेस आजहि ‘बाडेची खिडकी’ म्हणतात.

फुगवट्यांतील बहुतेक तारे सुमारें एक हजार कोटि वर्षें वयाचे आहेत; सूर्याचें वय सुमारें ४६० कोटि वर्षें. ज्योतिषशास्त्रांत हायड्रोजन व हेलियम खेरीज सर्व मूलद्रव्यांस ‘धातु’ म्हणतात. इतक्या जुन्या ताऱ्यांत धातु अल्पच असावे, असा समज होता. परंतु १९८३ सालीं व्हिटफर्ड व रिच यांनीं याच खिडकींतून पाहून, कित्येक ताऱ्यांत सूर्याइतके किंवा त्याहूनहि अधिक धातु असल्याचें दाखविलें. मध्याच्या दाटींत मोठे तारे लवकर जन्मून लवकर संपले व त्यांच्या राखेंतून पुढील तारे घडले, असें यावरून अनुमान निघतें.

फुगवट्याचा आकार मात्र अवरक्त किरणांनीं उघड केला. ते डोळ्यांस दिसत नाहींत, पण धुळींतून पार होतात. १९८९ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या एका उपग्रहाच्या चित्रांवरून फुगवटा गोल नसून लांबट दांड्यासारखा आहे, या मतास बळकटी आली. हा दांडा आपल्या दृष्टिरेषेशीं सुमारें ३० अंशांचा कोन करितो. पुढें २०१० सालीं ठराविक तेजाच्या तांबड्या ताऱ्यांचे एकाच दिशेस दोन थवे आढळले, एक जवळचा व एक दूरचा. त्यावरून हा फुगवटा बाजूनें पाहिल्यास मधोमध आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसेल, असें ठरलें.

विद्यार्थिमित्रांनो, मे महिन्याच्या सुटींत मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहा. वृश्चिकाची नांगी व धनु यांच्या दरम्यान आकाशगंगेचा पट्टा रुंद व तेजस्वी दिसेल; तोच हा भाग. आणि हेंहि ध्यानांत असूं द्या कीं, सगळी धूळ दूर होण्याची वाट बाडे पाहत बसला नाहीं. जेवढी फट मोकळी होती, तेवढींतूनच त्यानें नीट मोजून पाहिलें.