पडताळणीचा माणूस दारात येतो तेव्हा

प्रश्न : माझ्या मुलाची अंधेरीच्या एका कंपनीत निवड झाली आहे. गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक तरुण आला. दाराचा आणि नावाच्या पाटीचा फोटो काढला, शेजारच्या काकूंना ‘हे लोक इथे किती वर्षं राहतात’ असं विचारलं आणि माझी सही घेऊन गेला. तेव्हापासून सोसायटीत कुजबुज सुरू आहे. नोकरी द्यायला एवढी चौकशी कशाला? दुसरं म्हणजे, मुलाच्या आधीच्या दोन नोकऱ्यांमध्ये सात महिन्यांचा खंड आहे. त्या नोकऱ्यांचे कागद अजून द्यायचे आहेत. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, ‘मधल्या काळाचा अनुभवाचा दाखला मी आणून देतो, सगळेच करतात.’ घ्यावा का?
— एक आई, बोरिवली (पूर्व)

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण घाई त्याला आहे. तो दाखला घेऊ नका. मुलाने आधीच होकार दिला असेल, तर आजच नाही म्हणून कळवायला सांगा.

तो दाखला पकडला कसा जातो, ते तुमच्या मुलाला ठाऊक असेलही, पण तुम्हीही समजून घ्या. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा आकडी यूएएन दिला. माणसाने कितीही नोकऱ्या बदलल्या तरी हा क्रमांक बदलत नाही. कुठल्या आस्थापनेत कधी लागला, कधी सोडली, पीएफ कुठल्या महिन्यापर्यंत भरला गेला, हे सगळं त्या एका क्रमांकाखाली ओळीने दिसतं. नवी कंपनी त्या नोंदीची प्रत मागते. त्या सात महिन्यांत तिथे काहीच नसेल, तर ‘फर्म लहान होती, पीएफ नव्हता’ असं सांगता येतं, कारण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या बऱ्याच ठिकाणी पीएफ नसतोच. मग ते पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट मागतात. पगार रोख मिळत होता म्हटलं, तर फर्मची जीएसटी नोंदणी किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंद बघतात. लेटरहेडवर छापलेल्या मोबाइलवर ते फोन करत नाहीत, स्वतः शोधलेल्या क्रमांकावर करतात. दाखला विकणाऱ्या माणसाची ‘एचआर’ म्हणून फोन उचलायची तयारी असते, पण ती त्याच एका मोबाइलपुरती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅक्सेंचरने भारतातल्या काही कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. बनावट कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवाचे दाखले देऊन नोकरी मिळवण्याची एक साखळीच सापडली, असं कंपनीने स्वतः सांगितलं. काढले गेलेले लोक कामावर रुजू झालेले होते. म्हणजे जॉइनिंगच्या दिवशी पेढे वाटून झाले की धोका संपला, असं होत नाही. बहुतेक नेमणूकपत्रांत एक कलम असतंच की दिलेली माहिती पुढे कधीही खोटी ठरली तर नोकरी जाईल. याहू या अमेरिकन कंपनीचे प्रमुख स्कॉट थॉम्पसन यांची पदवी हिशेबशास्त्राची होती आणि त्यांच्या परिचयात संगणकशास्त्राचीही लावलेली होती. जानेवारी २०१२ मध्ये आलेले गृहस्थ मे महिन्यात बाहेर पडले.

आता ‘सगळेच करतात’ याबद्दल. मरोळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी बरीच वर्षं काढली. त्या काळी संगणक नव्हता, पडताळणी म्हणजे मूळ कागद बघणं आणि आधीच्या कारखान्याला टपालाने पत्र घालणं. एकदा हिशेब विभागासाठी एक मुलगा घेतला. अर्जात बी.कॉम. मूळ गुणपत्रिका मागितली की तो ‘उद्या आणतो’ म्हणायचा. दोन महिन्यांनी कळलं, शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिला होता. मुंबईच्या मुलांच्या भाषेत केटी. त्याला काढलं, त्याचं मला वाईट वाटलं, घरची परिस्थिती खरोखर कठीण होती. पण त्याच दिवशी मी निवडीची जुनी यादी काढली, तर दुसऱ्या क्रमांकावर एक मुलगी होती. तिचाही एकच पेपर बाकी होता आणि तिने अर्जात तसं सरळ लिहिलं होतं. तेवढ्यासाठी आम्ही तिला मागे ठेवलं होतं. तिला पत्र पाठवलं, तर घाटकोपरहून तिच्या वडिलांचं उत्तर आलं की मुलगी आता एका दुकानात बसते, घरखर्चामुळे पेपर द्यायचा राहून गेला. ते पोस्टकार्ड पुढे कितीतरी दिवस माझ्या टेबलाच्या खणात होतं. दोघांची उणीव एकच होती. जिने ती सांगितली तिची जागा ज्याने लपवली त्याला आम्ही दिली, आणि ती चूक आमची होती, कारण आम्ही कागद आधी तपासला नाही. ‘सगळेच करतात’ हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला ती मुलगी आठवते. तिने केलं नव्हतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की ही चौकशी मुलावरच्या संशयापोटी नसते. रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्यांचं ते देणं असतं. मुंबईत माणूस कामावर घेताना चौकशी नवी नाहीच. गिरण्यांच्या काळात जॉबर माणसं आणायचा. तो बहुधा आपल्याच गावाकडची, ओळखीतली माणसं आणी, आणि ती ओळख हाच दाखला असे. त्यात एक खोट होती. ज्याची ओळख नाही त्याला दार बंद, आणि जॉबरचा हात ओला करावा लागे तो वेगळाच. ओळखीच्या जागी कागद आला, तेव्हा कुणाचीही ओळख नसलेल्या मुलाला पहिल्यांदा बरोबरीची संधी मिळाली. तो कागदच विकत मिळू लागला, तर पुन्हा पैसेवाल्याचं आणि ओळखवाल्याचंच फावेल.

आणि काही ठिकाणी हा प्रश्न नोकरीपुरता राहत नाही. मुलुंडच्या एम. टी. अगरवाल या महापालिका रुग्णालयातला अतिदक्षता विभाग बाहेरच्या संस्थेकडे चालवायला दिला होता. तिथे आवश्यक पात्रता नसलेली माणसं डॉक्टर म्हणून नेमली गेली, असा आरोप झाला आणि २०२३ मध्ये मुलुंड पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. मला यातली एक गोष्ट छळते. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांकावरून ती तपासता येते. अतिदक्षता विभागात आपलं माणूस असताना नातेवाईक बाहेरच्या बाकावर रात्र काढतात, आत गेलेल्या डॉक्टरचा क्रमांक विचारायचं कुणाला सुचणार? त्यांच्या वतीने तो विचारणं हे नेमणाऱ्याचं काम. कंत्राट दिलं की तपासणीही कंत्राटदारावर सोडायची, ही सवय आपल्या सार्वजनिक संस्थांना लागली आहे. ती मोडायलाच हवी.

पदवीचंही थोडं सांगते. मुंबई विद्यापीठाची पदवी असेल, तर कंपनी तिची खातरजमा विद्यापीठाकडूनच करून घेते, उमेदवाराने दिलेल्या झेरॉक्सवर थांबत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो. त्या यादीत वर्षानुवर्षं नागपूरचंही एक नाव आहे, तेव्हा असले प्रकार फक्त उत्तरेकडे होतात, असं समजू नये.

तरीही या सगळ्या व्यवस्थेत खरं बोलणाऱ्या माणसाला त्रास होतो, आणि तो कमी नाही. त्याबद्दल तुमच्यासारख्या वाचकांना सांगायलाच हवं.

आपल्या बायकांचंच घ्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली तीन पदरी पद्धत. लग्नानंतर त्यातली दोन बदलतात, आणि कुठे कुठे अजूनही पहिलं नावसुद्धा बदलतात. म्हणजे पदवीवर एक बाई, आधारवर दुसरी आणि पीएफच्या नोंदीत तिसरी. पडताळणी करणाऱ्याच्या अहवालात ही ‘विसंगती’ म्हणून उतरते. अशा बाईने विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याची राजपत्रातली प्रत मागण्याआधीच जोडून द्यावी. नावाच्या बदलाकडे एवढं बारकाईने का बघतात, याचं उदाहरण महाराष्ट्राने २०२४ मध्ये पाहिलं. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांची उमेदवारी केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलै रोजी रद्द केली. उमेदवाराने स्वतःचंच नव्हे, तर आईवडिलांचंही नाव बदलल्यामुळे परीक्षेला किती वेळा बसल्या हे कळलं नाही, असं आयोगाने म्हटलं. या प्रकरणामुळे आयोगाने २००९ ते २०२३ या काळातल्या पंधरा हजारांहून अधिक उमेदवारांच्या नोंदी तपासल्या. खेडकर यांनी आरोप नाकारले आहेत. पण आयोगासारख्या संस्थेला हे आधी दिसलं नाही, यावरून पडताळणी किती सावध असावी लागते, ते कळतं.

दुसरा त्रास बंद पडलेल्या कंपन्यांचा. मुलुंड, भांडुप, घाटकोपरला एल.बी.एस. मार्गावर कारखान्यांची रांग होती. आज त्यातल्या कितीतरी जागांवर टॉवर आणि मॉल आहेत. तिथे पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाच्या अनुभवाला ‘हो’ म्हणायला कुणी उरलंच नाही. त्याने नेमणूकपत्र, जुन्या पगारस्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक असं जे असेल ते पुढे करावं, आणि कंपनी बंद झाली हे फॉर्ममध्येच लिहावं. तिसरा त्रास कंत्राटी मुलांचा. मुलगा रोज मालाडला एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत बसतो, त्याच्या गळ्यात तिथलं कार्ड असतं, पण पगार देतो कंत्राटदार. बायोडेटात तो मोठ्या कंपनीचं नाव लिहितो, यूएएनमध्ये कंत्राटदाराचं निघतं, आणि पोराच्या नावापुढे खोटारडेपणाचा शेरा बसतो. त्याने दोन्ही नावं लिहावीत : पगार अमुक संस्थेचा, काम तमुक ठिकाणी.

कायद्याचं थोडक्यात. पडताळणीआधी उमेदवाराची लेखी संमती घेतात. त्यावर सही करण्यापूर्वी काय काय तपासणार ते वाचायला मुलाला सांगा. बनावट दाखला करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० मध्ये. म्हणजे दाखला त्या गृहस्थांनी बनवला, तरी वापरणारा तुमचा मुलगा सुटत नाही. सरकारी नोकरीत तर काळही मदतीला येत नाही. खोट्या जात प्रमाणपत्रावर मिळवलेली नोकरी केवळ बरीच वर्षं केली म्हणून टिकणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अन्न महामंडळाच्या खटल्यात ६ जुलै २०१७ रोजी सांगितलं. याच न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात माणुसकीचीही बाजू ठेवली. माहिती खरीच द्यायला हवी, पण तरुणपणातली एखादी क्षुल्लक बाब लपली असेल, तर नेमणाऱ्याला सारासार विचार करून ती माफ करता येते. खासगी कंपन्यांतल्या एचआरवाल्यांनी हा निकाल अवश्य वाचावा. एका महिन्याच्या तारखेच्या चुकीला आणि विकत घेतलेल्या दाखल्याला एकाच मापाने मोजणारे मी पाहिले आहेत.

राहिले ते सात महिने. त्या काळात मुलगा काय करत होता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. घरात आजारपण असेल, परीक्षेची तयारी असेल, नुसतं काम मिळत नसेल, जे असेल ते त्याने दोन ओळींत लिहावं. करोनाच्या वर्षांनंतर कितीतरी चांगल्या उमेदवारांच्या बायोडेटात खंड आहेत आणि मुलाखत घेणाऱ्यांच्या स्वतःच्याही बायोडेटात ते आहेत. मुलाखतीत विचारलं, तर तेच तोंडी सांगावं, आणि कागदावरचं व तोंडचं एक असावं.

कागद भरण्याआधी एक करा. दोघं बसून त्याची पीएफची नोंद उघडा आणि पहिल्या नोकरीतून बाहेर पडल्याची तारीख आहे का ते बघा. जुन्या कंपन्या ती भरायची राहू देतात. मग मुलगा अजून तिथेच नोकरीला आहे असं दिसतं आणि नवीनच घोटाळा होतो. तारीख नसेल, तर शेवटच्या पीएफ हप्त्यानंतर दोन महिने उलटल्यावर सभासदाला ती स्वतः ऑनलाइन भरता येते. आणि शेजारच्या काकूंना आजच सांगून टाका की पोराला अंधेरीला नोकरी लागते आहे, त्याचसाठी तो माणूस आला होता.