पेटण्यापूर्वीची चौकशी

नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या अवर्षणप्रवण माळाचे बागायतीत रूपांतर केले आणि ज्यावर पुढे वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव व सोमेश्वरनगर येथील कारखान्यांची धुराडी उभी राहिली, त्या बारामती-इंदापूरच्या मुलखात जळणाची वाण पडावी हे वरकरणी चमत्कारिक वाटते. परंतु चरकातून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये वजनाने निम्मे पाणी असते आणि फडात राहिलेले पाचट भडकन पेटून तितक्याच तत्परतेने राख होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला विपुलता आणि उपयुक्तता यांतील अंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही. ते अंतर तोडण्यासाठी काडीकचरा दळून, वाळवून आणि साच्यातून दाबून त्याची गोळी करण्याची विद्या निघाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आखलेली पंख्याची ‘ऊर्जा’ चूल २००६ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा महाराष्ट्रातील पुष्कळ घरांना या गोळीचा, म्हणजे पेलेटचा, प्रथम परिचय झाला. पुढे गोळीचा भाव चढत गेला, घरगुती गिऱ्हाईक गळाले, आणि ते जळण हॉटेलांच्या व खानावळींच्या मुदपाकखान्यांत स्थिरावले.

त्या चुलीत गोळ्या एकदाच भरून जाळ वरून लावीत. आता जी पेलेट ग्रिल म्हणून विकली जाते तिची रचना अधिक मानी आहे: वरच्या हॉपरमधून मळसूत्री दांडा गोळ्या थोड्याथोड्या पुढे लोटतो, तळाच्या लहानशा जाळपात्रात विजेची कांडी त्यांना तापविते, आणि पंखा वारा घालतो. हे तीन नोकर एकमेकांची हजेरी घेत नाहीत, ही या यंत्राची खरी खोड. कांडी गैरहजर असली तरी दांडा आपले काम इमानेइतबारे करीतच राहतो.

पुणे-सोलापूर मार्गावर, उजनीच्या फुगवट्यालगत, माझ्या पुतण्याची खानावळ आहे. जलाशयातील चिलापी तव्याऐवजी जाळीवर भाजून द्यावी अशा हौसेने त्याने अशी एक ग्रिल आणिली. पावसाळा सरत आला असता एके संध्याकाळी ती पेटेना. विकणाऱ्याच्या मिस्त्रीस फोन केला, तेव्हा त्याने ‘बंद करून परत चालू करा’ असा त्रोटक हुकूम सोडला, आणि भट्टीवरील पोराने तो अक्षरशः व वारंवार अमलात आणिला. प्रत्येक वेळी दांड्याने नव्या गोळ्या ओतल्या; जाळपात्र भरून वाहू लागले; झाकणाच्या कडेने दाट, पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येऊ लागला; आणि ‘आता पेटली वाटतं’ म्हणून पोराने वाकून झाकण उचलले, त्याच क्षणी आत कोंडलेल्या त्या धुराने एकदम पेट घेऊन धप्पकन आवाज केला. भुवया व पुढचे केस गेले, डोळे वाचले. पांढरा धूर म्हणजे जळून गेलेले नव्हे, तर जळायचे राहिलेले इंधन होय. त्याला ठिणगी आणि ताजी हवा एकत्र मिळाली की तो आपला हिशेब एकरकमी चुकता करतो.

पोराला बारामतीस दवाखान्यात नेऊन आणल्यावर पुतण्या म्हणाला, “तात्या, कांडीच गेलीय. नवी मागवू का?” माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली, पाणी टेलपर्यंत पोहोचले नाही की आधी पाटकऱ्यावर ठपका ठेवावयाचा की आधी चारी चालून पाहावयाची, याचे धडे मी तेथे पुष्कळ घेतले आहेत. मी म्हणालो, “जाळपात्रात काय आहे ते आधी सांग.”

कोणाची ग्रिल पेटली नाही तर मी त्यास हाच प्रश्न विचारीन. मात्र तत्पूर्वी वायर भिंतीतून काढून, झाकण बंद ठेवून, धूर पूर्ण निवळेपर्यंत आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, आणि थंड झालेला ढीग झाकणाच्या लोखंडी बादलीत काढावा, कारण वरून काळ्या दिसणाऱ्या गोळीच्या पोटात निखारा तासन्‌तास टिकतो. या पंचनाम्यात पात्र रिकामे सापडले, तर कांडी निर्दोष समजून हॉपरकडे वळावे: गोळ्या कडेला चिकटून मधे पोकळ भुयार झाले असेल, किंवा भुश्याने दांडा जाम झाला असेल, किंवा मागल्या वेळी हॉपर पुरता संपल्यामुळे दांड्याची नळी भरण्यातच पेटण्याची मुदत निघून गेली असेल. पात्रात गोळ्या आहेत पण त्यांवर करपल्याचा डागही नाही, तर कांडी किंवा वीज. गोळ्या काळवंडल्या, धूर झाला, ज्योत मात्र नाही, तर दोष हवेचा, राखेचा किंवा ओलाव्याचा. एवढी शहानिशा झाल्यावाचून सुटा भाग मागविणे म्हणजे दस्तऐवज न वाचता खरेदीखत करणे.

आमच्याकडे गोळ्या कोमट, किंचित काळवंडलेल्या निघाल्या, आणि गुन्हेगार एक नसून दोन ठरले.

पहिला गुन्हेगार वीजदाब. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० व्होल्टला ३०० वॅट देणारी कांडी १६० व्होल्टला जेमतेम १४५ वॅट देते. दिवा मंद का होईना लागतो, पंखा कुरकुरत फिरतो, म्हणून ‘लाइट तर आहे’ असे आपण म्हणतो, आणि कांडी तेवढ्यात अर्धी झालेली असते. रात्रपाळीच्या मोटारी सुरू झाल्या की वस्तीवरची लाइन कशी बसते हे इंदापूर तालुक्यात कोणास सांगावयास नको. म्हणून साधे मीटर लावून ऐन पेटविण्याच्या वेळचा दाब पाहावा, दुपारचा नव्हे. आणि तो खरोखर कमी असेल तर योग्य क्षमतेच्या स्टॅबिलायझरची तजवीज करावी. कांडी तपासणे असेल तर वायर काढून, ती थंड असताना, वायरमनकडून रोध मोजून घ्यावा: उपरोक्त कांडीचा तो पावणेदोनशे ओहमच्या आसपास येतो, आणि मीटर अनंत दाखवील तर तार तुटली. यंत्र लावताच ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे बटण, पडत असेल, तर कांडीत ओल शिरली आहे किंवा वायरीचे वेष्टन जळाले आहे. अशा वेळी ईएलसीबीच बाजूला काढणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांना विमा कोण देतो कोण जाणे.

दुसरा गुन्हेगार ओलावा. या तालुक्यांत वर्षाकाठी पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून गोळी येथे सादळणार नाही असे पुतण्या धरून चालला होता; परंतु कालव्याची झिरपण, उसाच्या फडांचा गारवा आणि जलाशयावरचा वारा यांची नोंद पर्जन्यमापकात होत नसते. पोते शहाबादी फरशीवर, भिंतीला टेकून, तोंड उघडे. चांगल्या गोळीत पाणी दहा टक्क्यांच्या आत असावे. ते वाढले की कांडीची ठरावीक मिनिटे पाणी उडविण्यातच खर्च होतात आणि यंत्राचा मेंदू ‘वेळ संपली’ म्हणून तिला बंद करतो. कोरडी गोळी बोटांत कट्‌कन मोडते व अंगाला चकाकी असते. सादळलेली वाकते, फुगते, भुगा होते. गुऱ्हाळावर ओले चिपाड चुलवाणात घालणाऱ्याला गुळव्या काय म्हणेल ते येथे छापता येणार नाही, पण ग्रिलजवळ गुळव्या नसतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवावीत, उघडलेले पोते झाकणाच्या पिंपात रिकामे करावे, आणि हॉपरमध्ये ओतण्यापूर्वी गोळी चाळणीतून काढावी.

राखेविषयी थोडे. लाकडाच्या शुद्ध गोळीची राख बहुधा टक्क्याच्या आत राहते. पाचट, काड अथवा टरफलांच्या गोळीची कित्येक पट भरते, आणि तीत वाळूचा व पालाशचा अंश असल्याने ती तापून वितळते, खडा बनते व जाळपात्राची भोके बुजविते. लाकडाच्या गोळीवर चालणारा ज्या बेताने पात्र साफ करतो त्या बेताने आपले भागणार नाही; रोज, थंड असताना, भोक न भोक मोकळे करावे.

कांडी खरोखर गेली आणि गिऱ्हाईक बसले आहे, अशा प्रसंगी यंत्राच्या पुस्तिकेत हाताने पेटविण्याची मुभा असेल तरच पात्रात मूठभर कोरड्या गोळ्या घालून, वर वाळलेल्या गोवरीचा तुकडा किंवा नारळाची शेंडी पेटवून, ती नीट धरल्यावर पंखा व दांडा सुरू करावा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांना त्या पत्र्याच्या आसपासही फिरकू देऊ नये. आणि ग्रिल उघड्यावरच असावी; थंडीत ती दार लावून आत घेणाऱ्यास कार्बन मोनॉक्साइडचा ना वास येतो ना धूर दिसतो.

पुतण्याची ग्रिल आता तिच्या जुन्याच कांडीवर चालते. गोळी मात्र तो बदलून घेतो: पूर्वी आणीत असे ती बॉयलरसाठी केलेली, आणि तीत प्लायवुडचा भुसा नाही याची हमी देण्यास दुकानदार राजी नव्हता. ज्या धुरावर मासळी भाजावयाची त्यात डिंक व रंग नको, एवढे त्याने दुकानदारास लेखी मागितले. नवे पोते आले की एक मूठ गोळ्या आधी जाळून पाहतो, आणि पैसे त्यानंतर देतो.