काचेच्या टॉवरमध्ये घर घेताना

खाली कार्यालये आणि वर घरे, अशा उंच इमारतीची कल्पना जुनीच. साठच्या दशकात शिकागोत बांधलेल्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये ४४व्या मजल्याच्या वर घरे आहेत. मुंबईतही असे टॉवर आता रुळले आहेत.

माहितीपत्रकात समुद्र दिसतो, पश्चिमेची काच दुपारी किती तापते ते दिसत नाही. सॅम्पल फ्लॅट सकाळी दाखवतात, एसी लावून. खिडकी चार बोटे उघडते आणि कपड्यांची दोरी नियमात बसत नाही. जागा पाहायची तर दुपारी चारला, एसी बंद करायला लावून पाहावी. आगीत काचबंद इमारतीत धूर कोंडतो. २०१४ च्या जुलैत अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा बळी गेला. त्यामुळे रेफ्युज मजला मोकळा आहे ना, हे स्वतः चढून पाहावे.

खरी मेख मेंटेनन्समध्ये असते. प्रस्तुत लेखकाच्या इमारतीत ताब्यानंतरच्या पहिल्याच बिलात ‘कॉमन एरिया’ या एका ओळीखाली कार्यालयांच्या लॉबीचा एसी आणि त्यांच्या मजल्यांची काच धुण्याचा खर्चही घरांच्या माथी मारलेला निघाला. खर्चाच्या विभागणीचा तक्ता बुकिंगच्या वेळीच लेखी मागितला होता. ‘‘सर, ते पझेशनच्या वेळी बघू,’’ म्हणणारा सेल्स मॅनेजर पझेशननंतर फोन उचलेनासा झाला. त्याच्या जागी आलेल्याने करारातले कलम दाखवले: विभागणी बिल्डर ठरवील. वर, कार्यालयांना सुट्टी म्हणून रविवारी निम्म्या लिफ्ट बंद, आणि रहिवाशाच्या आईकडे लॉबीत रोज ओळखपत्राची मागणी!

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर विक्री कराराचा मसुदा असतो, तो बुकिंगआधी वकिलाकडून वाचून घ्यावा. घरांसाठी वेगळे प्रवेशद्वार, वेगळ्या लिफ्ट, वेगळे मीटर आणि खर्चाची टक्केवारी करारातच लिहून घ्यावी. तोंडी शब्दाला किंमत नसते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तो टाळला जात असेल तर रहिवाशांनी एकत्र येऊन तक्रार करावी, एकट्यादुकट्याला कोणी विचारत नाही.

रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. विभागणीचा तक्ता हाती येईपर्यंत तेवढीही देऊ नये.