घाबरलेले हृदय आणि लांब उच्छ्वास

परीक्षेचा पहिला दिवस. वर्गात प्रश्नपत्रिका वाटल्या जात आहेत आणि कित्येकांचे तळहात घामाने ओले झाले आहेत. तोंडाला कोरड पडली आहे, छातीत धडधडते आहे, काल रात्रीपर्यंत पाठ असलेले सूत्र आठवता आठवत नाही. घरची माणसे, शिक्षक, मित्र, सारे एकच सांगतात, "घाबरू नकोस!" सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण त्याचा उपयोग क्वचितच होतो. असे का व्हावे?

याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. 'हात वर कर' म्हटले की आपण हात वर करतो. पण 'हृदया, हळू चाल' असे कितीही बजावले तरी हृदय ऐकत नाही. हृदय, जठर, आतडी, घर्मग्रंथी यांचा कारभार स्वायत्त चेतासंस्था पाहते आणि तिच्यावर आपल्या इच्छेची सत्ता चालत नाही. संकटाची चाहूल लागताच तिचा अनुकंपी विभाग जागा होतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातील साखर रक्तात उतरते, त्वचेकडचे रक्त स्नायूंकडे वळते. म्हणून हात गार पडतात. प्राण्याची ही लढण्याची किंवा पळण्याची तयारी असते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात मांडले. वाघ समोर आला तर ही व्यवस्था उत्तमच. पण बीजगणिताच्या पेपरापासून पळताही येत नाही आणि त्याच्याशी कुस्तीही खेळता येत नाही! तेव्हा घाबरणे हा दुबळेपणा नव्हे. शरीराने चुकीच्या जागी केलेली ती चोख तयारी आहे.

या तयारीला आवर घालणारा दुसरा विभाग म्हणजे परानुकंपी. त्याची मुख्य चेता 'व्हेगस' मेंदूच्या तळापासून निघून मानेतून हृदय, फुप्फुसे व जठर यांपर्यंत पोहोचते. हृदयाचा स्वतःचा ठेका मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांचा असतो. तरीही शांत बसलेल्या माणसाची नाडी बहुधा ७०-८० च भरते, कारण व्हेगस सतत लगाम खेचून धरते.

हा लगाम कसा काम करतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली दाखवले. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी, की या प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. रात्री उठून त्यांनी ती कागदावर खरडली, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडताच ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता त्यांनी उद्दीपित केली, तेव्हा ते हृदय मंदावले. त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. म्हणजे चेतेतून एखादे रसायन बाहेर पडत असले पाहिजे. ते ॲसिटिलकोलीन होते. १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून देण्यात आले.

आता मुख्य मुद्दा. स्वायत्त कारभारातले एक काम आपोआपही चालते आणि आपल्या इच्छेनेही चालवता येते. ते म्हणजे श्वसन. श्वास आत घेताना व्हेगसचा लगाम किंचित सैल होतो व ठोके जलद पडतात. उच्छ्वासाच्या वेळी तो पुन्हा ताणला जातो. श्वासाबरोबर ठोक्यांत होणारा हा बदल कार्ल लुडविग यांनी १८४७ सालीच नोंदला होता. आपल्याकडे प्राणायाम जुना. पण यौगिक क्रिया उपकरणांनी तपासण्याचे काम स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९२४ पासून सुरू केले.

पडताळा तुम्हीच घ्या. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून मिनिटाची नाडी मोजा. (अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःचीच नाडी असते.) मग चार सेकंद श्वास घ्या, सहा सेकंद सोडा, असे पाच मिनिटे करा व पुन्हा मोजा. श्वास कोंडू नका; चक्कर आली तर थांबा. सर्वांची नाडी उतरेलच असे नाही. शिक्षकांनी वर्गातले आकडे फळ्यावर मांडावेत, न उतरलेलेही.

भांडण किंवा अपमान झाल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ॲड्रेनॅलिन काही मिनिटांत ओसरते, पण कॉर्टिसोल हे दुसरे संप्रेरक वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठते आणि ते उतरायला तासभर लागू शकतो. त्या वेळात उलट निरोप धाडण्यापेक्षा फेरफटका मारावा. रक्तात उतरलेली साखर निदान स्नायूंच्या कामी येते.

मनात सलणारी गोष्ट लिहून काढण्याचाही प्रयोग झाला आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे लिहायला लावले. घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच बरे वाटले नाही, उलट ते अधिकच खिन्न झाले. पण पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम लहानच आढळला. तेव्हा वही हे रामबाण औषध नव्हे. झोपेचे महत्त्व त्याहून पक्के आहे. तुमच्या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा अनुकंपी विभागालाच खतपाणी घालतो.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक-झोप उडाली, आवडता खेळही नकोसा झाला किंवा जगणेच नको असे वाटू लागले, तर नाडी मोजत बसू नका. आई-वडील, ताई-दादा, आवडते शिक्षक, कोणाला तरी त्याच दिवशी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. घरी बोलणे अवघड वाटत असेल तर सरकारची 'टेलिमानस' ही सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य लावता येतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.