'बेकार' हा शब्द शिकविताना

इयत्ता चौथीच्या एका वर्गात भाषेचा पाठ चालू असता मी मागील बाकावर बसलो होतो. पाठात 'बेकार' हा शब्द आला. शिक्षकांनी फळ्यावर 'बेकार = निरुपयोगी' असे लिहिले, मुलांनी ते वहीत उतरवून घेतले व वाचन पुढे चालू झाले. इतक्यात एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, आमचे बाबा बेकार आहेत असे आजी म्हणते. मग ते निरुपयोगी आहेत का?" वर्ग हसला. गुरुजी गोंधळले. त्यांनी दिलेला अर्थ खोटा नव्हता. पण तो अर्धा होता, आणि उरलेला अर्धा त्या मुलाच्या घरचा होता.

शब्द मूळचा फारसी आहे. 'बे' म्हणजे 'विना' व 'कार' म्हणजे 'काम'. बेइमान, बेपत्ता, बेसावध या शब्दांतील 'बे' हाच. (पाढ्यातील 'बे' याहून निराळा, हे मुलांस सांगावे; काही मुले खरोखरच घोटाळ्यात पडतात.) 'कामाविना' यातून मराठीत दोन अर्थ रूढ झाले आहेत : ज्याला काम मिळालेले नाही तो, आणि जे काही कामाचे नाही ते. बेकार तरुण, बेकार तरुणी, बेकार माणसे, बेकार खडू, असे हे विशेषण लिंगवचनाने बदलत नाही. म्हणून अर्थाचा निवाडा वाक्यावरूनच करावा लागतो. 'दिवस बेकार गेला' येथे तर ते क्रियाविशेषणासारखे येते.

दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळू न देणे, हे आपले काम. वरच्या वर्गांत एक उदाहरण अवश्य द्यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे त्यांपैकी कितीतरी जणांस पुन्हा गिरणीत काम मिळाले नाही आणि अनेक जण कोकणात वा घाटावरील आपल्या गावी परतले. ते बेकार झाले, हे खरे. पण ज्या विणकराच्या हाताने वीस-वीस वर्षे माग चालविला, त्याच्या हातचे कसब त्या दिवशी नाहीसे झाले काय? काम गेले होते. माणूस कामातून गेला नव्हता.

'बेरोजगार' हा शब्द या बाबतीत अधिक नेमका आहे. 'बेकार खडू' म्हणता येते, 'बेरोजगार खडू' म्हणता येत नाही. एवढी एक कसोटी मुलांना पुरते. 'निरुद्योगी' शब्दात मात्र आळसाचा आरोप डोकावतो, आणि 'रिकामटेकडा' तर सरळ दूषणच होय. "मुलगा घरी बसून आहे" असे गावात सहज बोलतात. त्यातही बसणे जणू त्याने स्वतःच पत्करले असा सूर असतो.

'बिगार' शब्द कानाला 'बेकार'च्या जवळचा, परंतु अर्थाने जवळजवळ उलट. बेकाराला काम नाही. बिगारीत धरलेल्याला काम आहे, पण मोबदला नाही. वेठबिगारीस राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मनाई केली व १९७६ च्या अधिनियमाने ती पद्धती रद्द ठरविली. बांधकामावरचा आजचा 'बिगारी' मात्र मजुरी घेऊन राबणारा कामगार आहे. हे तीन शब्द फळ्यावर शेजारी लिहून मुलांकडून वाक्ये करवून घ्यावीत. पाठ चांगला रंगतो, असा अनुभव आहे.

आईविषयीही एक सूचना. "आई काय करते?" या प्रश्नास "काही नाही, घरीच असते" असे उत्तर मुले देतात. पहाटेपासून पाणी, चूल, गुरे, निंदणी करणारी बाई बेकार कशी? तिला पगार नाही, एवढेच. उत्तर तसेच सोडून न देता मुलाकडूनच तिची दिवसभराची कामे मोजून घ्यावीत.

"तुझे अक्षर बेकार आहे" असे आपणही रागाच्या भरात म्हणतो. मीही पूर्वी म्हणत असे. 'अक्षर वाचता येत नाही' म्हटल्याने दोष अधिक स्पष्ट कळतो.

त्या दिवशी तास संपल्यावर गुरुजींनी फळ्यावरील ओळ पुसली व नवी लिहिली : 'बेकार : (१) काम न मिळालेला (माणूस), (२) उपयोगी न पडणारी (वस्तू)'. नंतर त्यांनी मुलाला जवळ बोलावून वडील पूर्वी काय करीत, असे विचारले. ते विहिरी बांधत. मुलाने त्यांच्या हातच्या चार विहिरी कोठे कोठे आहेत ते सांगितले, आणि त्यांपैकी एक शाळेच्या मागेच होती.